सराव पाहुणी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. एक गृहस्थ तिथे न कळवता पुन्हा यायचे आहेत, ते येऊन जाईपर्यंत नाव छापायचं नाही, असं मितालीने मला बजावलं आहे. एवढं सांगते की ते सुंदरबनातलं एक छोटं बेट आहे, गोसाबाच्याही पुढचं. गावाच्या घाटावर उभं राहिलं की समोरच्या काठावर वाघाचं जंगल दिसतं. मधे नदी आहे. नदी चांगली रुंद आहे, पण वाघाला पोहता येतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी प्रवासवर्णन लिहितं. आतापर्यंत स्वित्झर्लंड, दुबई आणि केदारनाथ येऊन गेलं आहे. मी यातल्या कुठेच गेलेले नाही. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, आणि ज्याच्या शेवटी कुणा नातेवाइकाचं लग्न नव्हतं असा हा माझा पहिलाच प्रवास. अंकाचं काम बघणाऱ्या काकूंना मी विचारलं, कलकत्त्यापासून अर्ध्या दिवसावरचं बेट चालेल का? त्या म्हणाल्या, "मधे पाणी लागतं ना? मग चालेल."

मिताली माझ्या वर्गात आहे. तिचं घर त्या बेटावर. तिचे वडील समोरच्या जंगलातल्या खाड्यांमधून खेकडे पकडतात. तिघांची मिळून एक होडी आहे. एकदा गेले की दहा-बारा दिवस परतत नाहीत. गावातून असे गेलेले सगळेच परत आलेले नाहीत, त्यामुळे मितालीच्या आईने दोन वर्षं खटपट करून घरामागे दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या, पर्यटकांना राहायला. सोमवारी कलकत्त्याहून घोषालबाबू म्हणून एक सहली काढणारे गृहस्थ त्या खोल्या बघायला येणार होते. त्यांना पसंत पडल्या तर हिवाळाभर ते आपली माणसं तिथे उतरवणार. आणि मंगळवारी सकाळी खेकड्यांची होडी निघणार होती. मितालीचे वडील येणार की नाही, हे सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. नाही म्हटलं तर त्यांची जागा दुसऱ्याला, वर्षभरासाठी.

"तू दोन दिवस आधी ये," मिताली म्हणाली. "टूरिस्ट म्हणून राहा. आईबाबांचा सराव होईल."

"मला टूरिस्ट कसं व्हायचं ते माहीत नाही."

"काही करायचं नाही गं. फक्त तक्रारी करायच्या."

इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. माझे बाबा रेल्वेत सुतार आहेत. गार्डन रीचच्या क्वार्टर्समधली दारं-खिडक्या दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आमच्या घरात तक्रार म्हणजे कुणीतरी बोलवायला येणं आणि जेवता जेवता बाबांनी उठून जाणं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन पावसाळे लागत नव्हती, पण बाबांनी ऑफिसच्या तक्रारवहीत ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते काम त्यांच्याकडेच आलं असतं. त्यामुळे तक्रार कशी करतात, हे मी कधी पाहिलेलंच नाही. तरी मी हो म्हटलं.

शनिवार

रेल्वे, गाडी, नदी, टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, पुन्हा नदी, असा तो रस्ता आहे. शेवटच्या नदीत भुटभुटी मिळते. ही डिझेल इंजिनाची लाकडी होडी. नाव आवाजावरून पडलं आहे. आमच्या भुटभुटीत दोन शेळ्या होत्या आणि एक नवं कोरं लोखंडी कपाट होतं. कपाट मधोमध उभं केलं होतं आणि सगळे त्याच्या सावलीत बसले होते. सावली सरकली की लोकही सरकत होते. शेळ्यासुद्धा.

मिताली आणि मी एकच्या सुमारास पोहोचलो. तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला त्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर गुळगुळीत चिखल असतो. गावातल्या बायका चपला हातात घेऊन, पायाची बोटं रोवत सहज वर जातात. मी तिसऱ्या पायरीवर बसले. बसायचं ठरवलं नव्हतं.

वर मितालीची आई स्वागताला हातात शंख घेऊन उभी होती. तिला मी काकीमा म्हणते. तिने शंख खाली ठेवला आणि धावत आली.

"आई, शंख!" मिताली ओरडली. "आधी शंख वाजवायचा!"

"पोरगी पडली ना!"

"टूरिस्ट पडणारच. म्हणून शंख नाही वाजवायचा?"

मग मितालीने मला पाय धुऊन पुन्हा खाली जायला सांगितलं. मी खाली गेले आणि पुन्हा आले. या वेळी शंख वाजला. मितालीच्या वडिलांनी शहाळं पुढे केलं आणि पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, "वेलकम टू अवर होमस्टे." लगेच बंगालीत हळूच विचारलं, "फार लागलं का गं मा?" तिकडे मुलीच्या वयाच्या कुणालाही मा म्हणतात, आपण बाळ म्हणतो तसं. मैत्रिणीच्या वडिलांना बंगालीत काकू म्हणायची पद्धत आहे, पण मराठी वाचकांचा गोंधळ नको म्हणून मी इथे काका लिहिते.

खोली छान होती. नवा चुना, निळी खिडकी, खिडकीबाहेर केळी. पलंगाचा एक पाय आखूड होता. वहीचं एक पान घडी करून मी त्याखाली घातलं. मच्छरदाणीला भोक होतं, तिथे केसातली पिन लावली. बाथरूमचा नळ टपकत होता. नळाला दोरा बांधून त्याचं दुसरं टोक बादलीत सोडलं, म्हणजे पाणी दोऱ्यावरून गुपचूप उतरतं.

राहिलं बाथरूमचं दार. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होऊन ते खाली बसलं होतं. आतून कडी लावली की ती अडकायची आणि निघायची नाही. संध्याकाळी मी वीस मिनिटं आत होते. मग बाबा करतात तसं तळाशी पाय घालून दार उचललं, तेव्हा कडी निघाली. अंगणात लाकडाची एक ढलपी मिळाली. तिची पाचर केली. दार लावताना ती पायाने खाली सरकवायची, की कडी एका बोटाने लागते आणि निघते. इतकं छान बसलं की मला जरा अभिमान वाटला.

जेवणानंतर मिताली वही घेऊन आली. तिच्यामागे काका-काकीमा उभे.

"बोल. तक्रारी."

"काही नाही."

"पलंग?"

"छान आहे."

"बाथरूम?"

"छान आहे."

काकीमाने मितालीकडे पाहिलं. "बघ. मी म्हटलं नव्हतं? उगाच घाबरवतेस." ती इतकी खूश झाली होती की मी आणखी एकदा छान म्हटलं.

रविवार

आपल्याकडे ताटात सगळं एकदम वाढतात आणि प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. तिथे पदार्थांची जागा नसते, पाळी असते. आधी कारलं, मग वरण, मग भाजी, मग मासा, शेवटी गोड चटणी. मी पहिल्या दिवशी कारल्याबरोबरच सगळा भात खाऊन बसले आणि माशाच्या वेळी पोटात जागा नव्हती. रविवारी मी शहाणी झाले होते. मोहरीतला पारशे मासा होता. मोहरी नाकातून थेट डोक्यात गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट झालं?" काकीमाने विचारलं.

"नाही. छान आहे."

"रडतेस कशाला मग?"

"घरची आठवण आली," मी म्हणाले. हे खोटं होतं. मग काकीमाने मायेने आणखी एक मासा वाढला.

दुपारी मी तिच्याजवळ कोळंबी सोलायला बसले. मितालीने मला हाताला धरून उठवलं. टूरिस्ट कोळंबी सोलत नाही. मग मी नुसती पाहत बसले. नदीतून पर्यटकांच्या मोठ्या लाँच जात होत्या. लाँचवरचे लोक गावाकडे बघून हात हलवतात. काकीमा मान वर न करता, कोळंबीच्या हातानेच त्यांना हात हलवायची.

"नाही हलवला तर त्यांना वाईट वाटतं," ती म्हणाली.

मी विचारलं, काका जंगलात असतात तेव्हा तुम्ही दिवसभर काय करता?

"काय करत नाही ते विचार." ती सोलत सोलत सांगत होती. "केस विंचरत नाही. साबण लावत नाही. दुपारी आडवी होत नाही. कुणाशी भांडत नाही. आमच्यात तशी रीत आहे. तिकडे जंगलाची देवी बनबीबी सांभाळते, पण आपणही इकडे नेमाने राहावं लागतं. एकदा डोळा लागला दुपारी. जागी झाले आणि त्या दिवसापासून हा परत येईपर्यंत भात गेला नाही घशाखाली." मग म्हणाली, "तुला खोली आवडली ना? खरं सांग."

"खूप."

"घोषालबाबूंना आवडेल?"

"आवडेल."

संध्याकाळी काकांनी मला होडीतून खाडीत नेऊन गाइडचा सराव केला. ते पाठ केलेलं बोलत होते, "लेफ्ट साइड जंगल, राइट साइड जंगल." हे बरोबर होतं. मग मी खेकडा कसा धरतात ते विचारलं, आणि पुढचा तासभर ते बंगालीत इतकं सुंदर बोलले की मी होडीतून पाण्यात हात घालायचंही विसरले. चिखलावरचे ठसे, चिखलाचा वास, आणि जिथे पक्षी गप्प असतात तिथे उतरायचं नाही हे. त्यांना जंगल आवडतं, असं मला वाटलं. काकीमासमोर ते असं बोलत नाहीत.

रात्री पुन्हा वही. मिताली रडकुंडीला आली होती. "काहीतरी सांग ना! एक तरी!"

मी खूप विचार केला. कुणाचा दोष नसेल अशी गोष्ट हवी होती. म्हणाले, "कोंबडा लवकर आरवतो."

मितालीने लिहिलं: कोंबडा. काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि तेव्हाच कोंबडा शेजाऱ्यांकडे नेऊन दिला. सोमवारी पहाटे तो शेजारून आरवला, त्याच वेळी.

सोमवार

सकाळी मी माझी पिशवी मितालीच्या खोलीत हलवली आणि काकीमाने पाहुण्यांची खोली झाडून काढली. कोपरा न् कोपरा. थोड्या वेळाने ती केरसुणी घेऊन बाहेर आली, माझ्या हातात केसाची पिन ठेवली आणि म्हणाली, "मच्छरदाणीत राहिली होती तुझी." सुपलीत बाकीचं सगळं होतं: वहीचं पान, दोरा, लाकडाची ढलपी. तिने ते चुलीत टाकलं.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी पिन केसात लावली. तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात घाटावर भोंगा वाजला.

घोषालबाबू भरतीच्या पाण्यावर आले, त्यामुळे पायऱ्या कोरड्या होत्या. शंख वेळेवर वाजला. ते पन्नाशीचे, छत्रीवाले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चहा घेतला, खिडकी पाहिली, केळी पाहिल्या आणि म्हणाले, "जागा छान आहे." काकीमाने पदराने कपाळ पुसलं. त्यांच्या होडीवाल्याने खालून ओरडून सांगितलं की पाणी उतरायला लागलंय, दादा, लवकर करा. पुढच्या बेटावर त्यांना आणखी एक जागा बघायची होती.

"दोन मिनिटं," ते म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले.

दहा मिनिटांनी दार खडखडायला लागलं. मितालीने माझ्याकडे पाहिलं. मी दाराजवळ गेले.

"दादा, दार वर उचला," मी म्हणाले.

"दार कसं उचलणार?"

"तळाशी पाय घाला. उचलता उचलता कडी उजवीकडे ओढा."

"आपण कोण?"

"मी इथली टूरिस्ट."

आत कडी आणखी एकदा खडखडली. मग ते म्हणाले, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले.

त्यांच्या बुटाचं टोक दाराखाली जाईना. काकांनी शेवटी बाहेरून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि पूर्ण दार बाजूला घेतलं. आत घोषालबाबू छत्री घेऊन उभे होते. या सगळ्यात पाऊण तास गेला होता. खाली त्यांची होडी चिखलात बसली होती आणि होडीवाला तिच्यात झोपला होता. आता पाणी परत चढेपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, त्यांना कुठेही जाता येणार नव्हतं.

ते पलंगावर बसले. पलंग डुगडुगला.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. पान, पिन, दोरा, पाचर. मोहरीचंही सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं काकीमा ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू द्यायचं होतं." ती माझ्याकडे बघत नव्हती, दार नसलेल्या चौकटीकडे बघत होती. "माझं दार चांगलं म्हणालीस. मी त्या दाराच्या भरवशावर ह्याला घरी ठेवणार होते."

आत्ता लिहितानाही त्याच्यापुढे काय लिहावं ते कळत नाही.

घोषालबाबूंनी मितालीकडून तक्रारींची वही मागून घेतली, उघडली आणि माझ्या हातात दिली. "लिहा. सगळं. आता वेळ आहेच."

मी लिहायला बसले. पहिल्या चार गोष्टी लिहिताना कान गरम झाले. मग हात सुटला. आरशाची उंची लिहिली, उंबऱ्याचा खिळा लिहिला, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर धरायला बांबू हवा असं लिहिलं. काकांच्या पाठ केलेल्या इंग्रजीबद्दल लिहिलं: ते नको, त्यांना खेकड्यांविषयी बोलू द्यावं. दोन पानं झाली. घोषालबाबूंनी ती जेवताना वाचली. मासा त्यांनी तीनदा मागून घेतला; मोहरीवर त्यांनी काट मारली. कोंबड्यावरही मारली. "कोंबडा हवाच," ते म्हणाले, "शहरातली माणसं त्याच्यासाठीच येतात." कोंबडा परत आणला गेला.

निघताना काकीमाने त्यांना सरळ विचारलं. तेही सरळच बोलले. "आज हो म्हणत नाही. हे सगळं करून ठेवा. मी न कळवता येईन. आवडलं तर माणसं पाठवीन, नाही आवडलं तर नाही."

पाणी चढलं, त्यांची होडी तरंगली आणि गेली. तेवढ्यात बांधावरून होडीतले भागीदार अनंतकाका आले. काका अंगणात दार मांडीवर घेऊन बसले होते.

"निरापद," त्यांनी काकांना विचारलं, "उद्या येतोयस ना?"

काकीमा दारात येऊन उभी राहिली. मिताली म्हणाली, "बाबा, त्यांनी हो म्हटलेलं नाही."

"ऐकलं मी." काकांनी स्क्रूच्या भोकात बोट घालून पाहिलं. "अनंत, दुसऱ्या कुणाला घे."

"वर्षभर मग जागा नाही, बघ."

"माहीत आहे."

"बाबू हो म्हणाला का?"

"नाही."

"मग?"

"दार काढलंय. बसवायचंय."

अनंतकाका दाराकडे बघत राहिले. "एक दार बसवायला वर्ष लागतं?"

"मदतीला ही टूरिस्ट आहे," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "लागू शकतं."

मंगळवार

सकाळी मी बाबांना फोन लावला आणि फोन काकांकडे दिला. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं होतं. बाबांनी विचारलं दार कुठल्या बाजूला बसतंय, लाकूड कोणतं, चौकट ओली आहे का. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवा आणि मग त्यात नवे स्क्रू द्या, असं सांगितलं. काका "जी भाई, जी भाई" म्हणत होते आणि मी खुंट्या तासत होते. मितालीने या वेळी मला उठवलं नाही. काकीमाने चहा आणला, माझ्यापुढे कप ठेवला आणि क्षणभर थांबून म्हणाली, "साखर कमी असेल तर सांग."

मी प्यायले. म्हणाले, "कमी आहे."

तिने साखर आणून दिली.

दार साडेनऊला बसलं. काकांनी आत जाऊन कडी लावली, काढली, लावली, काढली. नंतर आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने तेच केलं.

दहाच्या सुमारास ओहोटी लागली आणि खेकड्यांची होडी निघाली. काकांच्या जागी अनंतकाकांचा भाचा बसला होता. काका घाटापर्यंत गेले, होडीला पाण्यात ढकलून दिली आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले. होडी समोरच्या खाडीत वळून झाडांमागे गेली तरी ते तिथेच होते. मग पाय धुऊन वर आले. अंगणात आल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जाळं सुकत घातलेलं होतं. दार बसलेलं होतं.

"आता मी काय करू?" त्यांनी काकीमाला विचारलं.

"बस."

"कुठे?"

"कुठेही. नुसता बस."

पाहुण्यांसाठी आणलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या केळीपाशी होत्या. काका त्यातल्या एकीवर अगदी कडेला बसले, उठायला सांगतील म्हणून वाट बघत असल्यासारखे. नदीतून एक लाँच चालली होती. वरच्या लोकांनी हात हलवले. काकांनी आधी काकीमाकडे पाहिलं, मग त्यांनीही हात वर केला.